दोघं आत, एक बाहेर

त्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला सोडायला गेले होते, एवढंच. इतर बायका नवऱ्याला बसस्टॉपवर सोडतात, मी माझ्याला कड्यावर सोडायचे. हसू नकोस. तू धाकटी बहीण आहेस म्हणून सांगतेय, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं हे नाही. दार तेवढं लोटून घे. तो आतल्या खोलीत फोटो निवडत बसलाय.

आम्ही त्या बेटावर गेलो ते गरुडासाठी. याला समुद्रावरच्या गरुडाचा फोटो काढायचा होता. नुसता उडताना नव्हे, घरट्यात पिल्लाला भरवताना, जवळून. गेली कित्येक वर्षं डोक्यात तेच. गुडघे कुरकुरायला लागले, एका डोळ्याने दगा द्यायला सुरुवात केली, तरी याचं आपलं "यंदा जमणार बघ" चालूच. मी म्हटलं, चल बाबा, एकदाचा काढ तो फोटो, म्हणजे माझी सुटका.

पण बेट काय होतं म्हणून सांगू! झाड म्हणून एक सरळ उभं नाही. सगळी वाऱ्याने एका बाजूला विंचरून ठेवल्यासारखी. गवत दिवसभर जमिनीला टेकलेलं, ऊन पडलं की त्याच्यावरून चमक धावत जायची ती थेट कड्याच्या टोकापर्यंत. खाली समुद्र, आणि कड्याच्या प्रत्येक खाचेत पांढरे कुरव. इतके, की दगड कमी आणि पक्षी जास्त. वारा मात्र थांबायचाच नाही. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. नंतर सवय झाली, आणि मग तो जरा कमी झाला की दचकायला व्हायचं.

माणसं म्हणशील तर दोनच. दीपगृह सांभाळणारा आणि त्याची बायको. मी त्यांना दिवेदादा आणि दिवेवहिनी म्हणायला लागले, त्यांनाही ते आवडलं. त्यांच्याच एका खोलीत आम्ही राहायचो. वहिनी दिवसभर खिडकीशी बसून जाळी विणायच्या, आणि त्या खिडकीतून कड्याची सगळी वाट दिसायची.

आता हे नीट ऐक, कारण पुढचं सगळं यावरच आहे. घरट्यापासून थोड्या अंतरावर याने दगड रचून, वर ताडपत्री टाकून लपण केलं होतं. आत माणूस जेमतेम मांडी घालून बसेल एवढं. समोर भोक, भोकातून लेन्स. पण गरुडाची नजर ती! माणूस आत शिरताना दिसला, की तो दिवसभर घरट्याकडे फिरकत नाही. त्याला माहीत असतं, कुणीतरी आत आहे. म्हणून या धंद्यातल्या लोकांची एक युक्ती असते. दोघांनी मिळून आत जायचं आणि एकाने बाहेर येऊन निघून जायचं. पक्ष्यांचा हिशेब कच्चा. माणसं आली, माणूस गेला, झालं, त्यांच्या लेखी लपण रिकामं.

तर नवऱ्याच्या धंद्यात बायकोचं काम काय? निघून जाणं! मी त्याला कितीदा म्हटलं, अरे, लग्नात एवढंच सांगितलं असतंस तर मी आधीच गेले असते.

आणि जातानाचा एक नियम. मागे वळून बघायचं नाही. आपण जिकडे बघतो तिकडे गरुड बघतो. वळलीस की संपलं. संध्याकाळी अंधार पडायच्या आत मी त्याला न्यायला यायचं, तोवर तो आत एकटा. ना खोकला, ना हालचाल. घरी पाहुणे आले तर पाच मिनिटं धड बसत नाही हा माणूस, पण तिथे दगडातला दगड व्हायचा. कानावर मुंगी चढली तरी हात उचलायचा नाही. मी चिडवते, पण खरं सांगते, मला त्याचा फार अभिमान वाटतो. एखाद्या पाखरासाठी एवढं थांबणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या दिवशी धुकं होतं. वारा असून धुकं, म्हणजे समुद्रावरून उठून ते नुसतं पळत होतं. मध्येच कडा दिसायचा, मध्येच हाताचा पंजा दिसायचा नाही. ओल्या शेवाळाचा आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा वास नाकात बसलेला. आम्ही दोघं वाकून लपणात शिरलो. मी त्याला थर्मास दिला, गुडघ्याला मलम चोळून दिलं. म्हणाला, "संध्याकाळी लवकर ये हं. आज काहीतरी वेगळंच वाटतंय."

"काय वेगळं?"

"माहीत नाही... कुणीतरी आधीच आत बसलंय असं वाटतंय."

मी म्हटलं, एवढ्याशा जागेत तिसरा बसेल कुठे, तुझ्या डोक्यावर? तो हसला. मी बाहेर आले आणि चालायला लागले.

थोडी पुढे गेले असेन, तर मागे खडी वाजली. पावलं. एक पाय जरा ओढत टाकलेला, याचा गुडघा दुखतो तेव्हा वाजतो तसाच. मलमाचा वासही आला, वाऱ्याबरोबर. मला वाटलं, माझ्याच हाताला आहे. पावलं जवळ आली नाहीत, लांबही गेली नाहीत. मग आवाज आला, "अगं..."

मी थांबले. पण वळले नाही. कुरव कधी कधी अगदी माणसासारखे ओरडतात, आणि समजा खरंच तोच काही विसरून बाहेर आला असेल, तर मी वळून बघितल्यावर इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात. नियम म्हणजे नियम. "अगं, थांब ना..." पुन्हा आलं, वाऱ्यात अर्धं विरलेलं. मी मान खाली घातली आणि भराभरा उतरले. उतारावर मध्येच कुठेतरी पावलं बंद झाली.

वहिनींनी चहा टाकला होता. दोन कप भरून ठेवलेले.

"भाऊजी कुठे राहिले?" त्यांनी विचारलं.

"कुठे म्हणजे? लपणात."

"चेष्टा करता काय ताई! आत्ता खिडकीतून बघितलं की. तुमच्या मागे होते. हात वर करून हाका मारत होते तुम्हाला. मला वाटलं, भांडण झालंय, म्हणून तुम्ही बघत नाही."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. म्हटलं, धुक्यात चुकून दिसलं असेल. वहिनी म्हणाल्या, "धुकं तेवढ्यापुरतं निवळलं होतं... दोघं आत गेलात आणि दोघं बाहेर आलात. मी बघितलं."

नियम गेला खड्ड्यात. मी तशीच पळत सुटले. चढावर धाप लागली, छातीत कळ आली. वाटेत कुणी नाही. हाका मारल्या, वारा त्या तोंडातच कोंबत होता. लपणाशी पोचले, तर ताडपत्री फडफडतेय आणि आत कुणी नाही! कड्याच्या टोकाकडे बघायचं धाडस होईना. आणि तेवढ्यात धुकं सरकलं.

तो तिथे बसला होता. लपणाच्या बाहेर, उघड्यावर, घरट्याच्या अगदी कडेला. कॅमेरा तोंडाशी. आणि ती मादी, एवढी थोरली, पंख पसरून वाऱ्यावर तोल सावरत पिल्लाच्या चोचीत मासा भरवत होती. तिच्या पंखाचं टोक याच्या गुडघ्यावर टेकलेलं. अगं, असं दृश्य मी जन्मात पाहिलं नाही. तिची पिवळी नजर, पिल्लाची उघडी लाल चोच, मागे पांढरं धुकं पळतंय. क्षणभर मी सगळं विसरले. वाटलं, देवा, याचं सार्थक झालं!

मग मादीला मी दिसले. किंचाळून उठली ती, माझ्या डोक्यावरून झेपावली. माझ्या. त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या अंगावर पाय देऊन उडाली, दगडावर द्यावा तसा.

"पाहिलंस?" तो म्हणाला. चेहरा नुसता उजळलेला. "मला काहीच म्हणाली नाही."

मी त्याला मिठी मारली, रडले, शिव्या दिल्या. विचारलं, माझ्या मागे आला होतास का? म्हणाला, "नाही. मी तर इथेच आहे." उठला आणि सरळ चालायला लागला. गुडघा धरला नाही, कण्हला नाही. मी म्हटलं, आनंदात माणूस दुखणं विसरतो.

दुसऱ्या दिवशी बोट आली. धक्क्यावर कुरवांचा थवा बसलेला. मी जवळ गेले तर फडफडून उठला, मी पुढे गेल्यावर परत येऊन बसला. मग हा आला, त्यांच्यामधूनच चालत गेला. एकही पक्षी बाजूला झाला नाही.

पुढचं तुला माहीतच आहे. तो फोटो. प्रदर्शनात लोक त्याच्यासमोरून हलेनात. मोठे मोठे फोटोग्राफर त्याचा हात हातात घेऊन विचारत होते, एवढ्या जवळून कसं जमवलंत? मीही मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू. त्यानंतर तर धडाकाच. हरणं, कोल्हे, साप, सगळे त्याच्यासमोर असे वावरतात, की तो तिथे नाहीच. काय एकेक फोटो काढलेत! आणि स्वभावही किती गोड झालाय. चिडत नाही, जेवणाला नावं ठेवत नाही.

फक्त डास याला चावत नाहीत. मी हातपाय खाजवून बेजार, आणि हा बनियनवर निवांत. शेजारचं कुत्रं, जे याला बघून उड्या मारायचं, ते याच्या पायांवरून चालत माझ्याकडे येतं. मी म्हटलं, असेल. सवय लागली असेल निश्चल बसायची. माणूस मनाची समजूत घालायला बसला, की काय वाट्टेल ते पटतं त्याला.

आज दुपारी वहिनींचा फोन आला. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते, हा खाली होता. वहिनी आधी इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "ताई, भाऊजी घरी आहेत ना?"

"आहेत की. का हो?"

"काही नाही... तुम्ही गेल्यापासून रोज संध्याकाळी कड्यावरचे कुरव एकदम उठतात. कुणी माणूस मधून गेला की उठतात तसे. पहिल्यांदा आम्ही लक्ष दिलं नाही. मग लांबून कुणीतरी दिसायला लागलं. पाय ओढत चालणारं. आज धक्क्यावर येऊन बसलेत."

"कोण?"

फोनमध्ये नुसता तो वारा ऐकू येत होता.

"फार वाळलेत हो," त्या म्हणाल्या. "मी हात जोडून सांगितलं, चला, घोटभर चहा तरी घ्या. तर म्हणाले, नको वहिनी. ही संध्याकाळी न्यायला येते म्हणाली आहे. मी इथून हललो तर उगाच चुकामूक होईल."

मी तिथेच ओल्या कपड्यांत बसले आणि तोंडावर पदर धरून रडले. मला हाक मारली गं त्याने. दोनदा मारली. मी वळले नाही.

म्हणून तुला बोलावून घेतलं. उद्या सकाळची बोट आहे, तू माझ्याबरोबर चल. न्यायला येते म्हटलं होतं, जायलाच हवं. याला मी काही सांगितलेलं नाही. आपण दोघी मावशीकडे चाललोय, चार दिवसांनी येऊ, एवढंच म्हटलं. फोन आल्याचंही बोलले नाही, त्या बेटाचं नावसुद्धा काढलं नाही.

तो मान डोलावून बरं म्हणाला. मग उठला, कपाट उघडून त्याचा जाड स्वेटर काढला, घडी घालून माझ्या बॅगेत वरच ठेवला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी मायेने.

"हा ने आठवणीने," म्हणाला. "कड्यावर वारा फार आहे. त्याला थंडी वाजत असेल."