तटापलीकडचा सेकंड

ही घटना शंभर टक्के खरी आहे. बायबलवर हात ठेवून सांगतो.

बायबल सासरचं आहे, त्यामुळे हात जरा अलगद ठेवलाय.

१९७९चा मे महिना. आमचं नुकतंच लग्न झालेलं. आमच्या सांडोर गावातली बाकीची जोडपी गोव्याला जायची. माझी ऐपत अर्नाळ्याच्या किल्ल्यापर्यंत. "समुद्र आहे, माड आहेत. शिवाय हे बेट आहे. गोवा कुठे बेट आहे?" मी मटिल्डाला म्हणालो.

ती चटकन तयार झाली.

जरा जास्तच चटकन...

अर्नाळ्याच्या समुद्रात आदल्या वर्षी फेबियन बुडाला होता. आमच्या चर्चच्या कॉयरमधला. मटिल्डा मुख्य चाल गायची, तो खालून सेकंड, म्हणजे दुसरा सूर धरायचा. तिला माझ्याआधी त्याचं स्थळ आलं होतं.

प्रेत सापडलं नाही.

आम्ही उतरलो सुमनबाई कोळणींकडे. घरामागे किल्ल्याचा तट, तटामागे समुद्र.

तिन्हीसांजेला मटिल्डाने अंगणात गुडघे टेकून प्रार्थना केली. मग मरियेचं गीत सुरू केलं. मी पडवीत खाटेवर.

पहिलं कडवं झालं.

दुसऱ्या कडव्याला... खालून सेकंड आला.

पुरुषी आवाज. तटापलीकडून.

त्या दिवशी बेटावर ख्रिस्ती आम्ही दोघंच. हे गीत तिथे कुणाला येणार? सेकंड तर दूरच.

मटिल्डा थांबली नाही. उलट तिने लय कमी केली... बुडालेल्या माणसाला दम पुरावा म्हणून.

माझ्यासाठी तिने कधी चालसुद्धा मंद केली नव्हती.

"मटिल्डा, आत चल."

"एक कडवं राहिलंय."

"कोण गातंय ते?"

"गाऊ दे ना."

गीत संपलं. मग काहीच नाही...

लाटांचाही आवाज नाही.

सुमनबाई ताटं घेऊन आल्या. "भाऊ, काय गोड आवाज हाय तुमचा! पन पान्यात उभं राहून कशाला गायचं? सर्दी व्हईल."

मी कोरडा होतो.

मटिल्डा माझ्याकडे बघत होती.

"सवय आहे," मी सुमनबाईंना म्हणालो.

कॉयरमधून मला पहिल्याच रविवारी काढलं होतं, हे मटिल्डाला ठाऊक होतं. ती तटाकडे तोंड करून जेवली.

घरी तिने ते गीत पुन्हा कधी म्हटलं नाही. अर्नाळ्याला मात्र अजून दर मे महिन्यात जाते. एकटी. पावसाळ्यासाठी सुके बोंबील आणायला. तिथे स्वस्त मिळतात, म्हणते.

मी चौकशी केली.

खरंच स्वस्त मिळतात.