मुकं सलून

“नाव सांग की रे! का उंदरानं पळवलं?”

शाळेतल्या बाईंचा तो आवाज, आणि पाठोपाठ फुटलेलं अख्ख्या वर्गाचं हसू... किती वर्षं लोटली, तरी कुणी नाव विचारलं की ते हसू आधी कानात घुमायचं आणि जीभ टाळूला चिकटून बसायची.

तो न्हावी झाला तो म्हणूनच. कात्रीला कोण नाव विचारतंय? त्याच्या दुकानाला लोक ‘मुकं सलून’ म्हणत आणि घटकाभर डोक्याला शांतता मिळते म्हणून लांबलांबून येत. दुकानामागच्या घरात बोलायचं काम आत्याकडे होतं — दोघांच्या वाटचं.

पण राज्यात नवा नियम आला. मतदारानं आपला नाव-पत्ता स्वतःच्या तोंडानं, न अडखळता सांगायचा. जो अडखळेल तो तोतया, त्याला माघारी पाठवायचं. मतदानाच्या दिवशी तो टेबलापुढे ओठ हलवत उभा राहिला, घामाघूम झाला... आणि रांग त्याला ओलांडून पुढे सरकली.

बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. फाटकाशी एक तरुण वकीलबाई परत पाठवलेल्यांना गाठत होती.

“तुम्हालाही परत पाठवलं?”

तो नुसता बघत राहिला. तिनं छत्री त्याच्या डोक्यावर धरली आणि गप्प उभी राहिली. त्याचं वाक्य पुरं करायची घाई नाही, घड्याळाकडे बघणं नाही... असं कुणी कधी थांबलंच नव्हतं.

“प... पाठवलं,” तो शेवटी म्हणाला. तोवर तिचा डावा खांदा चिंब झाला होता.

चार दिवसांनी ती थेट खुर्चीतच येऊन बसली.

“बट कापायची आहे.”

“प... पुरुषांचं सलून आहे.”

“बटेला कुठं कळतंय?”

“काप की रे! कात्री गंजली का?” आतून आत्या गरजली.

आरशात नजरा भिडल्या. तो गडबडीनं कंगवा शोधू लागला — कंगवा त्याच्याच हातात होता.

“राज्याच्या न्यायालयात खटला उभा राहिलाय,” ती आरशातल्या त्याला म्हणाली. “पण सगळे साक्षीदार घाबरून मागे फिरले. तुम्हीही नाही आलात, तर नियम कायमचा.”

“ह... हसतील.”

“हसू देत. मी नाही हसणार.”

मग ती वरचेवर येऊ लागली. साक्षीची तयारी, म्हणायची. एवढीशी ती बट, पण दर खेपेला थोडी कापून घ्यायची.

“अरे, टक्कल करशील पोरीचं! काय ते एकदाचं बोलून टाक!” आत्या म्हणाली. दोघांचेही कान लाल झाले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी एक अनोळखी माणूस दाढीला आला. तोंडभर फेस, त्यातून हलकेच आवाज आला —

“उद्या जायचं नाही. आत्या दुपारची एकटीच असते ना? आणि दुकान तर सगळं लाकडी...”

वस्तरा त्या माणसाच्या गळ्यावर होता आणि घाम याला फुटला होता. त्यानं दाढी पुरी केली, एक ओरखडाही उठू दिला नाही. वकीलबाईला मात्र यातलं काही सांगितलं नाही. सकाळी दुकानाला कुलूप लावलं, आत्याचा हात धरला आणि न्यायालय गाठलं.

“नाव?”

जीभ टाळूला चिकटली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“साहेब, वेळ जातोय,” सरकारी वकील म्हणाले.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला नाव ठाऊक होतं; तिनं नुसतं पहिलं अक्षर सुचवलं असतं तरी सुटका होती. पण तिनं ओठ घट्ट मिटले. फायलीवरची तिची बोटं थरथरत होती... म्हणजे ही पण घाबरलीय?

आणि नाव आलं. तुकड्यातुकड्यानं आलं, पण वडिलांच्या नावासकट, आडनावापर्यंत. मग तो थांबलाच नाही. कालची धमकीही त्यानं अडखळत, शेवटपर्यंत सांगितली.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “नाव ऐकायला किती वेळ लागला?”

“मिनिटभर असेल, साहेब,” कारकून म्हणाला.

“आणि राज्याकडे तेवढा नाही?”

संध्याकाळी नियमाला स्थगिती मिळाली. अंतिम निकाल अजून दूर होता. आत्याच्या सोबतीला एक पोलीस दिला होता. आत्या त्याचंच डोकं खात मुद्दाम पुढे निघाली.

पायऱ्यांवर पुन्हा भुरभुर. रस्त्यापलीकडे कालचाच गुळगुळीत चेहरा उभा होता, इकडेच बघत. न्हावी मात्र जागचा हलला नाही.

“धमकीचं मला का नाही सांगितलंत?” तिचा आवाज चिरकला.

“त... तुम्ही येऊ दिलं नसतंत.”

“नसतंच दिलं! तुम्हाला काही झालं असतं तर मी... म्हणजे खटल्याचं नाही म्हणत... मला...”

दिवसभर घडाघडा बोललेली ती बाई एका शब्दापाशी अडली. तो शब्द त्याला ठाऊक होता. पुरा करणं सोपं होतं. त्यानं तिची छत्री घेऊन तिच्या डोक्यावर धरली आणि वाट पाहत उभा राहिला. आता मध्ये आरसा नव्हता. त्याचा खांदा हळूहळू भिजत गेला.

“मला तुम्ही हवे आहात,” ती म्हणाली. “साक्षीला नाही... कायमचे.”