फळीखालचा माणूस

सांत्वनाला रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून एकू अबाकाने ताडीचा भोपळा आणि सुक्या मासळीची टोपली घेतली आणि तो सावत्र बहिणीच्या घराकडे निघाला. गाव एकच होते, पण त्याच्या दोन टोकांना दोन किल्ले होते. पूर्वेच्या खडकावर इंग्रजांचा, पश्चिमेच्या खाडीवर वलंदेजांचा, म्हणजे डचांचा. टोपीकरांचे राजे समुद्रापलीकडे कशावरून तरी भांडत आणि इथे सोयरा सोयऱ्याला ओळख देईनासा होई. एकू इंग्रजांचा दुभाषी होता. त्याचा मेहुणा, या बहिणीचा नवरा कोबिना ओटू, वलंदेजांच्या होड्यांचा तांडेल होता.

होता, कारण चार दिवसांपूर्वी पहाटे, बंदुकीच्या दारूची पिंपे घेऊन कोबिनाची होडी किनाऱ्याकडे येत असता इंग्रजी बुरुजावरून एकच गोळा सुटला. कोबिनाचे किंवा त्याच्या बारा वल्हेकऱ्यांपैकी एकाचेही प्रेत हाती लागले नाही.

त्या पहाटे किनाऱ्याकडे येणाऱ्या पाच होड्यांतून नेमकी तीच गोलंदाजाला कशी ओळखू आली, हे गावात कोणी मोठ्याने विचारले नव्हते. एकूला मात्र ते ठाऊक होते. कोबिनाने त्याला भर बाजारात ‘टोपीकरांचा पोपट’ म्हटले होते आणि सारा बाजार हसला होता. मग एका संध्याकाळी किल्लेदाराच्या मेजापाशी, गोलंदाजाच्या देखत, पोपट एवढेच बोलला होता: ज्या होडीच्या पुढच्या टोकावर पांढरा पट्टा, दारू तिच्यात.

बहीण अराबा अंगणात बसली होती. तिच्या मांडीवर कापडाची लहानशी पुरचुंडी होती.

“प्रेत नाही तर नाही, दादा,” ती म्हणाली. “त्याचे केस आहेत, नखं आहेत. दुपारी फळीवर बांधून दोघं डोक्यावर उचलणार आहेत. ज्यानं मारलं, त्याच्यावर फळी आपली आपण जाऊन आदळेल.”

“समुद्रानं नेलेला माणूस गं तो... कुठला परत येतोय?”

“घरी यायला कधी चुकलाय तो? झिंगून का होईना, यायचाच.”

फळी ज्याच्यावर आदळे, त्याच्या बाजूने कोणी साक्ष देत नसे. त्याला साखळी घालून पहिल्या येणाऱ्या गुलामांच्या जहाजाला विकत. त्या जहाजांच्या पोटात माणसे कशी रचतात, हे दुभाष्याइतके कोणाला ठाऊक असणार? एकाएकी एकूला वाट दिसली. जो फळीच्या खाली आहे, त्याच्यावर फळी आदळणार कशी?

“पुढचं टोक मी घेतो,” तो म्हणाला. “मेहुणा होता माझा.”

अराबाने त्याच्याकडे क्षणभर रोखून पाहिले. “घे. जिवंतपणी त्याला कधी डोक्यावर चढू दिलं नाहीस. आता दे चढू.”

भर दुपारी फळी उठली. पुढचे टोक एकूच्या डोक्यावर, मागचे बेंत्सिल नावाच्या म्हाताऱ्या वल्हेकऱ्याच्या. गावच्या वडीलधाऱ्याने मातीवर ताडी शिंपडली आणि साद घातली, “कोबिना! तुला कोणी मारलं? चल, दाखव आम्हांला.”

पुरचुंडीला ते काय वजन! फळी गल्लीमागून गल्ली ओलांडीत गेली. दारादारांतून माणसे श्वास रोखून उभी होती. ती कुठे थबकली नाही, कुठे वळली नाही. एकूच्या घरावरून गेली, तीसुद्धा सरळ.

“समुद्रानंच नेला म्हणायचा,” शेवटी वडीलधारा म्हणाला. फळी जमिनीवर उतरवली. बेंत्सिलने मान चोळली. एकूने डोक्यावरची चुंबळ काढली, हात खाली घेतले.

ओझे मात्र उतरले नाही.

त्याने डोके चाचपले. वर काही नव्हते. तरी मान दबत होती, एखादा भिजलेला माणूस आडवा ठेवावा तशी. नाकात ओल्या लाकडाचा आणि जळक्या दारूचा वास भरला. तो घराकडे निघाला, पण पाय वळले पूर्वेकडे. आणि त्याच्या मागे, फळीच्या लांबीइतक्या अंतरावर, पावले वाजू लागली... पचक... पचक... त्याच्याच पावलांशी पाऊल मिळवून.

किल्ल्याच्या दारावरचा पहारेकरी गावातलाच होता. “या दुभाषेबुवा! आणि हा मागचा कोण हो? चिंब भिजलाय की!”

“मागे... मागे कोणी नाही.”

“नसेल तर नसू दे. पायऱ्या ओल्या केल्यात, त्या पुसायला सांगा त्याला.”

तेव्हा एकूला कळले. कोबिनाच्या बाजूच्या कोणालाही या दारातून आत घेतले नसते. त्याला आत नेईल असे डोके गावात एकच होते, आणि ते एकूने आपण होऊन पुढे केले होते.

बुरुजावर गोलंदाज तोफेचे तोंड पुशीत होता. एकू त्याच्यापासून चार पावलांवर थांबला. त्याची मान आपोआप पुढे झुकली. लाकडावर लाकूड आपटावे तसा आवाज झाला. गोलंदाज उताणा पडला, आणि त्याच्या तोंडातून पाणी वाहू लागले. खारे पाणी, थांबता थांबेना.

वर किल्लेदार जेवत होता. “गावात कसला गलका रे?” त्याने विचारले.

‘पळा’ हा शब्द एकूला चार भाषांत येत होता. त्यांतला एकही त्याच्या ओठांवर आला नाही. मान पुढे झुकली. खुर्ची कोलमडली.

खाली उतरताना त्याला वाटले, आता तरी ओझे हलके होईल. ते तसेच राहिले. पाय बहिणीच्या घराकडे चालू लागले. संध्याकाळ व्हायला अवकाश होता, रस्त्यात उजेड होता. समोरून येणारी कुत्री त्याच्या मागची फळीएवढी लांब जागा वळसा घालून टाळीत होती.

अराबा दारातच उभी होती. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. ती त्याच्या डोक्याच्या वर गेली, मग मागे सरकत सरकत एका जागी स्थिरावली.

“केवढं ओझं वाहून आणलंस, दादा,” ती हळूच म्हणाली. “हात लावू?... उतरवू खाली?”

एकूने ‘हो’ म्हणायला ओठ उघडले. उत्तर त्याच्या मागून आले, पाण्याने भरलेल्या गळ्यातून.

“इतक्यात नको. अजून एक राहिलाय.”

अराबा दचकली नाही. तिने दारातले बाकडे उचलून भिंतीला लावले, पाण्याचे मडके बाजूला सारले, आणि फळी सहज वळेल एवढी जागा मोकळी करून दिली.