लाल टोप्या आणि तीन नळ्या

तिघांपैकी दोघे एक सांगतात, तिसरा वेगळंच सांगतो. खरं कोणाचं? ज्यांची संख्या जास्त त्यांचं, असं तुम्ही म्हणाल. आमच्या चंडोलनंही तेच म्हटलं, आणि आम्ही सगळे तुरीच्या शेतात जाऊन पडलो असतो.

चंडोल म्हणजे आमच्या गावाहून नागपूरला जाणारं, विजेवर चालणारं छोटं विमान. त्याला वैमानिक नाही. संगणकच उडवतो आणि प्रवाशांशी बोलतोही. प्रत्येक आसनाजवळ मात्र एक पांढरी मूठ आहे. विमान जमिनीवर असेपर्यंत कोणीही ती ओढून उड्डाण थांबवू शकतं. धावपट्टीचे व्यवस्थापक काळमेघ यांना ती काढून टाकायची होती.

"लोक उगाच घाबरून ओढतात, आत्याबाई."

"ओढू द्या," मी म्हणायचे. लहानपणी मी फ्लाइंग क्लबच्या कुंपणाला सायकल टेकवून विमानं बघत उभी राहायचे. तेव्हाचा वैमानिक विमानाभोवती फिरून प्रत्येक भागाला हात लावून बघायचा. शंका आली तर सरळ खाली उतरायचा. त्याला कोणी भित्रा म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीनंतरचं चंडोलचं पहिलं उड्डाण होतं. माझ्याबरोबर भाच्याची मुलगी मनवा होती. नागपूरला ग्लायडर (इंजिनाशिवाय तरंगणारं विमान) शिकवणाऱ्या शिबिराची त्या दिवशी निवड होती. दुपारपर्यंत पोचलं नाही, तर वर्ष गेलं.

"आत्याआजी, पडद्यावर हवेतले वेग तीन-तीन कशाला?"

"रिक्षातून हात बाहेर काढलास की हवा तळव्याला ढकलते ना? रिक्षा जोरात, तर धक्काही जोरात. विमानाच्या नाकाजवळ तशा तीन वेगनळ्या (समोरून घुसणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग सांगणाऱ्या नळ्या) आहेत. एक बिघडली तर उरलेल्या दोघी खरं सांगतात."

"आणि चाकांचा वेग?"

"तो जमिनीवरचा. उडायला हवेतला लागतो. वारा मागून आला, तर चाकं कितीही पळोत, पंखांना हवा कमीच मिळते."

विमान पळू लागलं. चाकं सांगत होती साठ. एक नळीही साठ सांगत होती. उरलेल्या दोघी मात्र वीस.

"एक नळी नादुरुस्त," चंडोल बोलला. "तिचं ऐकणार नाही. मागून जोराचा वारा आहे. आणखी वेग घेत आहे."

हवेतला वेग पुरेसा दिसेपर्यंत तो नाक उचलणार नव्हता. धावपट्टी तर संपत चालली होती, आणि पुढे तुरीचं शेत.

मनवानं खिडकीतून बाहेर पाहिलं. "आत्याआजी, वाऱ्याची पिशवी बघ!" खांबावरची केशरी-पांढरी पिशवी (वारा कुठून आणि किती आहे ते दाखवणारी) धुतलेल्या मोज्यासारखी लोंबत होती.

मी हात पुढे करायच्या आत तिनं मूठ ओढली. सगळे पुढे फेकले गेलो. विमान थांबलं.

"कारण सांगा," चंडोल म्हणाला.

"वारा नाहीये!"

"दोन नळ्यांच्या मते आहे."

"मग दोघी चुकतायत!"

"दोघी एकदम चुकण्याची शक्यता नगण्य आहे. कृपया मूठ सोडा."

"नाही सोडणार."

"अगं ए पोरी, माझी मीटिंग आहे!" मागचे गृहस्थ ओरडले. मनवानं दुसरा हातही मुठीवर ठेवला.

काळमेघ स्कूटरवरून भरधाव आले. "लेकराच्या हातात विमान दिलं काय तुम्ही?"

"दिलं नाही. तिनं घेतलं. आता शिडी लावा."

दोन नळ्यांची तोंडं चिखलानं जवळजवळ बुजली होती. कुंभारीण माशीनं (चिखलाचं घर बांधणाऱ्या माशीनं) तिथं संसार थाटला होता. विमान उभं असताना नळ्यांवर लांब फितीच्या लाल टोप्या घालतात, त्या माशी शिरू नये म्हणूनच. पण खंडेनवमीच्या पूजेला टोप्या काढल्या, कारण हळदकुंकू टोपीला कसं लावायचं? मग फोटो झाले, पेढे झाले आणि सुट्टीभर नळ्या उघड्या राहिल्या. तिसरी वाचली, कारण तिच्यावर झेंडूची माळ गुंडाळली होती, ती निघाली थेट आज सकाळी.

काळमेघ शिडीवरून चिखल खरवडू लागले. मनवा म्हणाली, "म्हणजे तिघी सारख्या असून काय उपयोग? एका माशीनं दोघींना गप्प केलं."

"बरोबर. सारख्या वस्तू एकाच कारणानं एकदम बिघडू शकतात. म्हणून वेगळ्या तऱ्हेनं बघणारा कोणीतरी हवा. आज ती पिशवी होती."

नळ्या साफ होऊन चंडोल निघेपर्यंत दुपार टळली. शिबिराची निवड हुकली. मनवा रडली.

"आता वाटतंय ना, उगाच ओढली?" मीटिंगवाले म्हणाले.

तिनं नाक पुसलं. "नाही. पुन्हा ओढीन."

मुठी अजून जागेवर आहेत. त्या काढायचा विषय पुन्हा काळमेघांनी काढला नाही, आणि काढला असता तर गाठ माझ्याशी होती. चंडोलला आता एक प्रकाशवेगमापकही (हवेतल्या धूलिकणांवरून परतलेल्या प्रकाशावरून वेग ओळखणारं यंत्र) आहे. त्याला भोकच नाही, माशी शिरणार कुठे?

यंदाच्या खंडेनवमीला हळदकुंकू लाल टोप्यांनाच लागलं. नंतर मनवा पुन्हा निवडीला निघाली. शिडीवर चढून तिनं स्वतः टोप्या काढल्या, नळ्यांत डोकावली आणि मग आत येऊन बसली.

"निघू या का?" चंडोलनं विचारलं.

"थांब," मनवा म्हणाली आणि खिडकीतून पिशवीकडे बघू लागली.

चंडोल थांबला.