मागच्या टोकाचा उजेड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, सुरुवात गमतीची आहे. माझा एक वर्गमित्र गाइड आहे. विद्यापीठामागच्या जुन्या गल्लीत तो संध्याकाळी लोकांना फिरवतो. तोंड लोकांकडे ठेवून स्वतः उलटा चालतो. भुताचे पाय उलटे, याची चालच उलटी, असं आम्ही चिडवायचो.

उलटं चालणाऱ्याला आपल्या पाठीमागचं दिसत नाही. म्हणून त्याची बायको, आमच्या वहिनी, घोळक्याच्या अगदी शेवटी टॉर्च घेऊन चालायच्या. टॉर्च वर धरला की सगळे आले, बोलायला लाग. आडवा हलवला की थांब. वीस वर्षं दोघांचं असंच चाललं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात वहिनी गेल्या. हा रडला नाही. जेवायचा, दाढी करायचा, विचारलं की "ठीक आहे" म्हणायचा. टॉर्च मुलीनं आठवण म्हणून परगावी नेला. खरं सांगतो, मला त्याच्या त्या "ठीक आहे"ची धास्ती वाटायची.

बावीस नोव्हेंबर, शनिवार, रात्रीचे साडेआठ. अकरा जण आले होते. जुन्या छापखान्याच्या कमानीपाशी तो सवयीनं थांबला. शेवटून टॉर्च वर झाला. यानं बोलायला सुरुवात केली... तीही सवयीनंच. वसतिगृहाच्या पायऱ्यांशी पुन्हा तसंच. टॉर्च कुणी धरलाय, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मग उतार लागला. हा उलटा चालतोय. बोलतोय. टॉर्च आडवा हलला.

पुन्हा. जोरात.

हा थांबला. वळून पाहिलं.

टाचेमागे वीतभर अंतरावर खड्डा. पाइपासाठी दुपारी खणलेला, पुरुषभर खोल. ना फळी, ना दोरी.

"टॉर्च कुणी हलवला?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका, आमच्यात कुणाकडेच टॉर्च नाही," एक मुलगी म्हणाली.

"मग मागे..."

"मागे कुणी नाही, काका."

तो घोळक्यातून वाट काढत मागे गेला. गल्ली रिकामी. वसतिगृहाच्या शेवटच्या पायरीवर टॉर्चचे दोन सेल शेजारी शेजारी ठेवलेले. त्यानं ते उचलले आणि तिथंच खाली बसला. अकरा अनोळखी माणसांसमोर ढसाढसा रडला.

अकराच्या सुमारास माझं दार वाजलं. त्यानं ते सेल माझ्या तळहातावर ठेवले.

अजून गरम होते.