चूक फेकणाऱ्याची

“हिच्या हातात काही म्हणजे काही टिकायचं नाही!”

आत्याचा तो आवाज, आरसा फुटला तेव्हाचा. प्रत्येक तुकड्यात एकेक रडवेली मुलगी बसली होती आणि वरून आत्या ओरडत होती. संध्याकाळपर्यंत आत्या ते विसरलीसुद्धा. बोलणारा विसरतो, ऐकणाऱ्याच्या कानात मात्र शब्द घर करून राहतो. मुलगी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, दिवसभर काचाच हाताळू लागली. तिच्या हातून काच कधी फुटली नाही. तरी कुठेही, कुणाच्याही हातून काही पडलं, की हिच्या तोंडून आधी निघायचं, “माझंच चुकलं.”

एका दुपारी तिच्या काउंटरवर एक चष्मा आला. नाकावरच मोडून दोन तुकडे झालेला.

“जुळेल का?”

“कुणाशी?” तिनं मान वर न करताच विचारलं.

“म्हणजे... एक तुकडा दुसऱ्याशी.”

तिनं वर पाहिलं. ओले केस, गळ्यात शिट्टी, नाकावर टरारून आलेलं निळं टेंगूळ. पोहण्याच्या तलावावरचा जीवरक्षक होता तो. अंगाला तलावाच्या पाण्याचा तो औषधी वास.

“काठी लागली,” तो म्हणाला.

“अगं बाई! कुणी मारली?”

“मीच.”

“स्वतःला?”

“सराव चालला होता.”

“स्वतःला मारायचा?”

तो हसला, आणि हसताना नाक दुखलं म्हणून कळवळला. मग सांगू लागला. जगलिंग शिकतो. चेंडू फेकून झेलायचे, काठ्या नाचवायच्या. दोन हातांत दोन बारक्या काठ्या, त्यांच्यावर तिसरी खेळवायची. “पण तिसरीचं कधीकधी नाचायचं मन नसतं.”

चष्मा नवाच करावा लागणार होता. तिनं मोजपट्टी घेतली. दोन्ही बुबुळांमधलं अंतर मोजायचं, म्हणजे भिंगाचा मध्य बरोबर नजरेसमोर येतो. “माझ्या नाकाकडे बघा.”

तो तिच्या कपाळाच्या वीतभर वर बघत राहिला.

“नाक खाली असतं,” ती म्हणाली.

“सवय हो... तलावावर दिवसभर लोकांच्या डोक्यांवरून बघायचं, संध्याकाळी चेंडूकडे वर बघायचं. खाली कुणी बघायला सांगतच नाही.”

त्यानं नजर खाली आणली. आणि तेवढ्या क्षणात—काय झालं कोण जाणे—तिच्या हातातली मोजपट्टी थरथरली. तिनं कसाबसा आकडा लिहिला. खरं तर पुन्हा मोजायला हवं होतं. पण पुन्हा मोजायचं म्हणजे पुन्हा इतकं जवळ उभं राहायचं, आणि तिला ते इतकं हवं होतं, की तिनं घाईनं मोजपट्टी खणात टाकून दिली.

चष्मा न्यायला आला तेव्हा त्यानं तो चढवला, तिच्या डोक्यावरच्या हवेकडे बघितलं आणि म्हणाला, “वा! लख्ख दिसतंय. संध्याकाळी या की कधी, जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत. पडणाऱ्या वस्तूंची आवड असेल तर.”

“आवड नाही, पण माझा हातखंडा आहे त्यात.”

ती गेली. एकदा नुसतं बघायला म्हणून, मग नुसतं बघितलं तर बरं दिसत नाही म्हणून.

व्यायामशाळेत बाईंचं राज्य होतं. एकेकाळी मोठमोठ्या रंगमंचांवर काठ्या नाचवलेल्या बाई आता गुडघ्याला पट्टा बांधून खुर्चीवरून हुकूम सोडायच्या. पहिलाच हुकूम असा, “इथे सगळे एकमेकांना ‘तू’. ‘तुम्ही जरा झेलता का’ म्हणेपर्यंत काठी कपाळात बसते!”

दुसरा हुकूम, एकच चेंडू. तीन चेंडूंकडे आशाळभूतासारखं बघायचं नाही. एकच, या हातातून त्या हातात, कपाळाच्या जरा वर जाईल इतकाच. हाताकडे बघायचं नाही, चेंडू जिथे वळतो तिथे बघायचं. दुबळा हात आधी शिकवायचा, दांडगा आपलं आपण शिकतो. सारखे पुढे पळायला लागलात, तर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. वाकून वाकून पाठ गेली, तर पलंगासमोर, म्हणजे पडलेला चेंडू गादीवरूनच उचलता येतो. आणि कंटाळा यायच्या आत थांबायचं. “रोज थोडं. हात रात्री झोपेत अभ्यास करतात, त्यांना झोपू द्या.”

काठ्यांचं शिक्षण तो देई. “मारू नकोस गं, ती काय तुझी वैरीण आहे? उचल नुसती. तान्ह्या बाळाला थोपटतात ना, तसं... हं... आता दुसऱ्या बाजूनं. बघ, आली की नाही लाडात!”

“तुझ्याकडे बरी येते लाडात. नाक कुणाचं फुटलं होतं?”

पहिल्या दिवशी काठी पडली तशी ती सवयीनं म्हणाली, “माझंच चुकलं!” खुर्चीतून बाई कडाडल्या, “नाही चुकलं! चेंडू असो की काठी, पडली तर चूक फेकणाऱ्याची. झेलणाऱ्याची कधीच नसते. नीट फेकलेलं आपण होऊन हातात येतं.”

ती गोंधळली. जन्मभर झेलणाऱ्याची चूक मानून जगलेल्या मुलीला हा न्याय पचायला जड गेला.

पुढे बाईंनी त्या दोघांची जोडी लावली. समोरासमोर उभं राहून एकमेकांकडे काठ्या फेकायच्या. वार्षिक कार्यक्रमात शेवटचा खेळ त्यांचा. व्यायामशाळेत सगळं सोपं होतं. “तू फेक.” “तू झेल.” “तू जरा डावीकडे सरक ना.” पण दार ओलांडलं की पंचाईत. दुकानात ती ‘तुम्ही’ म्हणत होती, आत ‘तू’, आणि मधल्या रस्त्यावर? ‘तुम्ही’ म्हणावं तर उगाच परकं वाटे, ‘तू’ म्हणावं तर उगाच जवळचं. मग दोघंही अशी वाक्यं बोलत ज्यात माणूसच नसे.

“चहा घेतला जाईल का?”

“घ्यायला हरकत नाही.”

“उद्या येणं होईल ना?”

“पाऊस नसला तर होईल.”

आत्या निवृत्त भाषाशिक्षिका. खिडकीतून तिनं हे एकदा ऐकलं आणि भाची घरात शिरताच चष्म्यावरून रोखून पाहिलं. “कोण गं तो?”

“कुठं कोण... व्यायामशाळेतला.”

“त्याच्या एकाही वाक्याला कर्ता नाही. तुझ्याही नाही.”

“आत्या!”

“चहा घेतला जाईल का म्हणे! दोन माणसांत कर्मणी प्रयोग चालला, की समजावं, कर्त्यांना काहीतरी सांगायचंय आणि धीर होत नाहीये.” आणि भाजी निवडता निवडता आपल्याच जुन्या चालीत गुणगुणू लागली—

*डोळ्याला भूल पडे, हाताला काय ठावं,*
*वरती फेकलं फूल, खाली कुणी झेलावं...*

“नको ना गाऊस!” म्हणून ती आत पळाली. तिचं तिलाच कळेना, राग आला की लाज वाटली.

आणि मग काठ्या पडू लागल्या.

आधी एखादी, मग रोजच. त्याची काठी यायची ती तिच्या हाताच्या वीतभर अलीकडे. ती झेप घ्यायची, काठी लाकडी जमिनीवर खाडकन वाजायची, आणि ती धावत जाऊन त्याला म्हणायची, “माझंच चुकलं.” तो काही बोलायचा नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल व्हायच्या. रागानं? तिला उमजेना. बेकरीवाल्या मुलीशी किंवा इतर कुणाशी फेकताना त्याची प्रत्येक काठी फुलासारखी जायची. मग हिच्याच वाट्याला का असं?

एके रात्री पडल्या पडल्या तिच्या मनात लख्खकन आलं. मोजपट्टी! थरथरलेला हात! आकडा चुकला असणार. भिंगाचा मध्य केसभर सरकला, की जवळचं लांब नि लांबचं जवळ वाटू शकतं. म्हणजे बाईंचा नियमही खरा आणि आत्याचं बोलणंही खरं. फेक त्याची चुकत होती, पण चुकवली हिनंच! पण मग बाकीच्यांशी कशी नीट जाते? विचार करकरून डोक्याचा भुगा झाला.

सांगावं तर तो काय म्हणेल? न सांगावं तर रोज पडणार.

तिचं ठरेपर्यंत बाईंनीच ठरवलं. सगळ्यांना घरी पाठवून दोघांना थांबवलं. “शेवटचा खेळ असा चालणार नाही. उद्या संध्याकाळच्या तालमीत पडलं, तर जोडी मोडणार. हा त्या बेकरीवाल्या मुलीबरोबर, आणि तू पुढच्या वर्षी. रुसू नकोस.”

“बाई, माझंच—”

“तू गप्प. तुला विचारलंच नाही मी.” बाईंची नजर त्याच्यावर होती. “काय रे? काही सांगायचंय?”

तो वर छताकडे बघत होता. “नाही... काही नाही.”

दोघं रस्त्याला लागले. आज बिनमाणसाचं वाक्यसुद्धा सुचेना. बेकरीवाली उंच होती, हसरी होती, आणि तिच्या हातून काही पडत नसे. वळणावर न राहवून चष्मेवाली म्हणाली, “उद्या सकाळी दुकानात यायला जमेल? चष्मा घेऊन. फार महत्त्वाचं आहे.”

“जमवता येईल,” तो म्हणाला.

सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. तिनं काच पुसायचं फडकं मुठीत इतकं गच्च धरलं होतं, की त्याला घाम फुटला असता.

“बसा. आणि रागावू नका. तुमच्या चष्म्याचं माप मी चुकीचं घेतलंय.”

“काय?”

“तेव्हा माझा हात हलला होता. मी पुन्हा मोजलं नाही. म्हणून तुमची काठी अलीकडे पडते. दोष तुमचा नाहीये. मी बाईंना सांगेन, नवी भिंगं करून देईन, तुम्ही हवं तर बेकरीवालीबरोबर...” इथे तिनं वाक्य सोडून दिलं आणि मोजपट्टी उचलली. “माझ्या नाकाकडे बघा.”

या वेळी त्यानं सरळ बघितलं. या वेळी तिचा हात हलला नाही. तिनं मोजलं. पुन्हा मोजलं. चष्मा यंत्राखाली धरून भिंगांचे मध्य तपासले. मग खाली बसली.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

“मला माहीत होतं.”

“केसाचाही फरक नाही! मग काठी का पडते? माझ्या झेलण्यात—”

“झेलण्यात काही नाहीये. फेक माझी चुकते.”

“आणि हे माहीत होतं?” ती उसळून उठली. “महिनाभर मी येऊन येऊन माफी मागतेय, माझं चुकलं, माझं चुकलं म्हणून! आणि तुम्ही ऐकून घेत होतात? जीभ नव्हती का तोंडात?”

“नव्हती.” त्याच्या कानांच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. “काल तुम्ही वळलात ना घराकडे, तेव्हा परत गेलो बाईंकडे. म्हटलं, तिला काढू नका, चूक माझी आहे. बाई म्हणाल्या, ते आंधळ्यालाही दिसतंय, कारण सांग. कारण सांगितलंस तर जोडी राहील.”

“मग? सांगितलं?”

“नाही.”

“का?”

“बाईंना कसं सांगणार? आधी...” त्यानं चष्मा हातात घेतला, दांडी उघडली, मिटली. “काठी फेकली की वर बघायचं असतं. बाकी कुणीही समोर असलं, तर मी बघतो वर. पण समोर... समोर जर...”

“समोर काय? पुन्हा सुरू झालं तुमचं! कर्ता कुठाय या वाक्यात?”

“काय कुठाय?”

“माणूस! कोण समोर? कोण कुणाकडे बघतं? व्यायामशाळेत तर धडाधड बोलता, इथे काय होतं? सरळ बोला ना. माझं डोकं भणाणून गेलंय हो...”

दुकानात कुणी नव्हतं. मांडणीतले सगळे रिकामे चष्मे तेवढे त्यांच्याकडे बघत होते. त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. डोक्याच्या वर नाही, हवेत नाही, नेमकं तिच्याकडे पाहिलं, आणि इतके दिवस दातांमागे कोंडून ठेवलेलं एका दमात सांगून टाकलं.

“मी तुझ्याकडे बघतो. काठी हातातून सुटते आणि मी तुझ्याकडेच बघत राहतो. मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. तू माफी मागायला जवळ यायचीस, म्हणून मी गप्प बसायचो.”