अण्णांचा कॅन शेवटी

"ओ साहेब, पाय!" संस्कृती ओरडली, पण व्हायचं ते झालंच. साहेबांचे नवेकोरे बूट नासक्या दुधात माखले. पारनेरजवळच्या त्या डेअरीत ती दूध तपासायची, फाटलेलं मोरीत ओतायची. साहेब म्हणजे समर्थ, पुण्याहून आला होता तो दुधाची प्रत वाढवायला आणि नासाडी थांबवायला, दोन्ही एकदमच.

"एवढं ओतता रोज?"

"मग लोकांना पाजू? माझ्या हातून वाईट दूध पुढं जात नाही."

"आणि ते वाईट होऊच दिलं नाही तर?" तो हसला. गालावर खळी पडली, आणि हिचं लक्ष नेमकं तिथंच गेलं!

मग काय, आठवडाभर दोघं दुधामागं हिंडली — गोठ्यात, टेम्पोत, रांगेत. दुखणं सापडलं ते रांगेत. मान जुन्या सभासदांचा, म्हणून त्यांचे कॅन आधी. डोंगरावरच्या वाडीचं दूध पहाटे निघायचं अन् इथं चैताच्या उन्हात ताटकळून नासायचं. पहिला मान कुणाचा? संस्कृतीच्या वडिलांचा, कानिफनाथअण्णांचा. अन् घर तर डेअरीला लागून!

"लांबचं आधी, अण्णांचं शेवटी. सांगा त्यांना," ती म्हणाली.

समर्थ घुटमळला. "तुम्हीच सांगा ना... ते चिडले, तर मला दारात उभं करणार नाहीत."

"आमच्या दारात तुमचं काय काम?"

"आहे... थोडं."

तिचे कान तापले. पण पोरगी खमकी! "मग आधी हे करा. भित्रा माणूस मला नको."

दुसऱ्या दिवशी समर्थने रांगेदेखत अण्णांना अडवलं. "अण्णा, आजपासून तुमचं दूध शेवटी."

अण्णांचा कॅन आधीच काट्यावर चढला होता.

"माझा मान काढतो व्हय रं?"

"तुमचं दूध ताजं येतं, थांबलं तरी टिकतं. वाडीतल्या बायांचं रोज मोरीत जातं, अण्णा."

अण्णांनी वळून रांगेच्या टोकाला उभ्या वाडीच्या बायांकडं पाहिलं. मग काट्यावरचा कॅन त्यांनी स्वतः उतरवला. "रंगुबाई, ये गं म्होरं." अन् समर्थकडं वळून, "आदी बोलायला काय झाल्तं?"

"भीती वाटली. मला... तुमची मुलगी मागायची आहे."

रांगेत हशा पिकला. अण्णांनाही हसू आवरेना. "मला काय इचारतो? तिला इचार!"

रंगुबाईचं दूध संस्कृतीने उकळून पाहिलं. फाटलं नाही. तिचे डोळे भरून आले.

"आवडलात मला," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "रविवारी आई-वडिलांना घेऊन या."